लाल शाईची चिठ्ठी

आमच्या मुलीने अकरावी सायन्सला अमरावतीत प्रवेश घेतला. दहावीपर्यंत ती अकोल्यात मराठी माध्यमात शिकलेली. अमरावतीत ती खालांकडे राहते आणि शनिवारी घरी येते. पहिल्याच महिन्यात तिने भौतिकशास्त्राच्या तासाला हात वर करून विचारले, "सर, धिस ग्राफ हाऊ केम?" मागच्या बाकांवर हशा पिकला. त्यानंतर दोन महिने तिने वर्गात तोंड उघडले नाही. आम्हाला हे कळले ते तिच्या नानींकडून. मुली असल्या गोष्टी आईबापांना आधी सांगत नाहीत.

खरे तर तिला शब्द येत होते. 2000 सालापासून महाराष्ट्रात सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवतात; म्हणजे दहा वर्षे ती इंग्रजी शिकली. पण त्यातला बराच वेळ प्रश्नोत्तरे पाठ करण्यात गेला. स्वतःचे वाक्य जुळवायची वेळ आली की मनात आपली बोली चालते आणि इंग्रजी शब्द तिच्याच रांगेत उभे राहतात. "हा ग्राफ कसा आला?" हेच तिने इंग्रजी शब्दांत विचारले होते.

मराठी असो की उर्दू, क्रियापद सहसा शेवटी येते. शिवाय आपल्याकडे प्रत्यय आहेत. "मुलाने आंबा खाल्ला" म्हणा की "आंबा मुलाने खाल्ला", खाणारा मुलगाच. तो 'ने' त्याला सोडत नाही. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही असे प्रत्यय होते. पुढच्या काही शतकांत ते बहुतेक झिजून गेले आणि कर्ता कोण, कर्म कोण हे शब्दाची जागा सांगू लागली. "द बॉय एट द मँगो" यातली नावे उलटी केली तर आंबाच मुलाला खातो! हे ऐकून मुलगी हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

नानी तसबीह घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "बेटा, रुकूतून उठताना 'समिअल्लाहु' म्हणतेस ना? समिअ म्हणजे ऐकले, आणि मग अल्लाहचे नाव." अरबीत क्रियापद पुष्कळदा असे आधी येते. आपल्याकडे शेवटी, अरबीत आधी, इंग्रजीत मध्ये. मकतबात शिकलेली मुले दोन रांगा आधीच ओळखतात. तिसरी अवघड का जावी?

मग आम्ही जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून चिठ्ठ्या केल्या. एका चिठ्ठीवर एक शब्द, क्रियापद मात्र लाल शाईने. शनिवारी जेवण झाले की दस्तरखान आवरून तिथेच चिठ्ठ्या मांडायच्या. आधी आपल्या क्रमाने: आय, संडे, अकोला, गो. मग लाल चिठ्ठी उचलून 'आय'च्या शेजारी. मग ठिकाण, शेवटी वेळ: "आय गो टू अकोला ऑन संडे." अकोल्याला यातला 'ला' मागे लागतो, 'टू' मात्र पुढे येतो. त्यासाठी छोट्या चिठ्ठ्या वेगळ्या कापाव्या लागल्या. वाक्य जमले की ते पाच वेळा मोठ्याने म्हणायचे, दरवेळी एक शब्द बदलून. नुसते वाचून जीभ वळत नाही.

प्रश्नांनी आम्हालाही दमवले. "व्हेअर इज ही?" यात 'इज' कर्त्याच्या आधी उडी मारते, पण "आय डोन्ट नो व्हेअर ही इज" म्हणताना ते पुन्हा मागे जाते. यावर तीन शनिवार गेले. आमच्यापैकी एकजण वीस वर्षे ऑफिसात इंग्रजी अर्ज लिहितो, तोही इथे चुकला. घरच्यांनी मुलांसमोर चुकावे. त्याने मुलांची भीड कमी होते, असे आमचे मत झाले आहे.

शेवटी तिचा तोच प्रश्न मांडला: "हाऊ डिड वी गेट धिस ग्राफ?" 'डिड' आले की भूतकाळ त्याच्याकडे गेला, म्हणून पुढे 'गॉट' नाही, 'गेट'च. रविवारी मूर्तिजापूर, बडनेरामार्गे परत जाताना ती 'गेट'ची लाल चिठ्ठी कंपासपेटीत घेऊन गेली.

बुधवारी इशानंतर फोन आला. "अम्मी, विचारले. पण 'डिड'च्या पुढे 'गॉट'च म्हणून गेले."

"कोणी हसले का?"

"एकदोघे हसले. सरांनी ग्राफ पुन्हा काढून दाखवला."

मग तो ग्राफ कसा आला, हे तिने आम्हाला पंधरा मिनिटे मराठीत समजावले. आम्हाला निम्मेच कळले.