रानवाटेवरील टू-स्ट्रोक मोटरसायकल

आलापल्लीहून भामरागडाकडे जाणारा सुमारे ६५ किलोमीटरांचा रस्ता सागाच्या रानांतून जातो. त्यापासून आंत फुटणाऱ्या वाटा मुरमाच्या, वाळूच्या आणि पावसाळ्यांत निव्वळ चिखलाच्या. नाल्यावर पूल असेलच असें नाहीं. भामरागडाजवळ पर्लकोटेचें पाणी पुलावरून वाहिलेलें तर अनेक पावसाळ्यांत लोकांनीं पाहिलें आहे. अशा मुलखांत मोटरसायकल ही चैनीची वस्तु नव्हे. शाळेचा गुरुजी, वनरक्षक, पाड्यावर किराणा पोंचविणारा दुकानदार आणि घरच्या आजारी माणसाला मागें बसवून अहेरीचें रुग्णालय गांठणारा शेतकरी, या सर्वांचा भार तिच्यावर असतो. तेव्हां तिची शक्ति कशी वाढवावी हा प्रश्न येथें हौसेचा राहत नाहीं.

परदेशांत केवळ रानवाटांसाठीं बांधलेल्या हलक्या टू-स्ट्रोक मोटरसायकली दीर्घकाळ मिळत आल्या. आपल्याकडे ती उणीव रस्त्यासाठीं बनविलेल्या गाड्यांनींच भरून काढली. पोलंडच्या एसएचएल गाडीवरून बेतलेली १७५ची राजदूत, म्हैसुरास १९६१ पासून १९९६ पर्यंत निघालेल्या जावा व येझदी, आणि १९८५ ते १९९६ या काळांतली यामाहा आरएक्स १०० या त्यांतल्या मुख्य. यांपैकीं एकहि टू-स्ट्रोक गाडी आज कारखान्यांतून निघत नाहीं. जावा व येझदी हीं नांवें पुन्हां बाजारांत आलीं, पण तीं फोर-स्ट्रोक इंजिनें घेऊन. म्हणजे ज्याच्या अंगणांत अशी जुनी गाडी आहे त्याचें नळकांडें एकदां फाटलें कीं दुसरें मिळविण्यास पायपीट करावी लागते. पुढील सर्व विवेचन ही गोष्ट ध्यानांत धरूनच ऐकावें.

फोर-स्ट्रोक इंजिनांत दांड्याच्या दोन फेऱ्यांत एकदां स्फोट होतो. टू-स्ट्रोकमध्यें प्रत्येक फेरीस होतो. हें साधण्याची सोपी युक्ति बाथ येथील जोसेफ डे या इंग्रज गृहस्थानें १८९१ च्या सुमारास सिद्ध केली. दट्ट्या, ज्याला आपण पिस्टन म्हणतों, तो वर जातांना खालच्या बंद पेटींत पेट्रोल व हवा ओढून घेतो. खालीं येतांना तेंच मिश्रण दाबून बाजूच्या वाटांनीं वर ढकलतो. जळालेला वायु बाहेर पडणें आणि ताजें मिश्रण आंत येणें हीं दोन्हीं कामें जवळजवळ एकाच क्षणीं होतात. घरांतून एका दारानें पाहुणे निघत असतांना दुसऱ्या दारानें नवे शिरावेत, तसाच हा प्रकार आहे. निघणाऱ्यांच्या वाटेंत अडथळा आला तर येणाऱ्यांना जागा नाहीं. आणि निघण्याचें दार फारच मोकळें असलें तर नुकताच आलेला पाहुणाहि त्यांच्याबरोबर बाहेर पडतो. टू-स्ट्रोकचे बहुतेक गुणदोष या एका गोष्टींतून निघतात.

जुन्या गाडीची शक्ति वाढविण्याचा पहिला उपाय म्हणजे तिची हरवलेली शक्ति तिला परत देणें. पेट्रोलबरोबर तेलहि जळत असल्यामुळें बाहेर जाण्याच्या दारावर, पिस्टनच्या डोक्यावर आणि सायलेन्सरच्या आंतल्या नळीवर काजळीचा कठीण थर बसतो. चढावर गाडी दम टाकूं लागली कीं पुष्कळ जण कार्ब्युरेटरला दोष देतात, आणि नळी तेवढी तुंबलेली असते. सायलेन्सरची आंतली नळी काढून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यांत ठेवावी, मग स्वच्छ धुवावी. हा सोडा लोखंडाला कांहीं करीत नाहीं, पण ॲल्युमिनियम खातो व डोळ्यांना फार घातक असतो. म्हणून इंजिनाच्या भागांना तो मुळींच लावूं नये. पिस्टनवरील काजळी काढावयास स्क्रू-ड्रायव्हर वापरण्याची संवय वाईट. त्याचा एक ओरखडा पुढें नव्या काजळीला घर करून देतो. आलापल्लीस बांबूचा तुटवडा नाहीं. त्याची घासून धारदार केलेली चिपट याच कामाला उत्तम. एवढ्या एका सफाईनें गाडी जी बदलते, तिचा मालकाला स्वतःलाच अचंबा वाटतो.

यानंतर हवेची गाळणी. उन्हाळ्यांत लाकडाच्या ट्रकांमागें उडणारी लाल धूळ जिनें पाहिली ती गाळणी किती दिवसांनीं धुवावी हें पुस्तकाला विचारण्याचें कारण नाहीं. गाळणी काढून टाकली म्हणजे इंजिन मोकळा श्वास घेतें, ही समजूत मात्र घातक आहे. गाळणी गेली कीं हवा वाढते, पेट्रोलचें प्रमाण पडतें, मिश्रण पातळ होतें आणि पातळ मिश्रण तापतें. शिवाय धूळ तळच्या पेटींतून, बेअरिंगांवरून फिरून मग वर जाते. दोन्हीं वाटांनीं शेवट एकच : पिस्टन फुगून नळकांड्यांत अडकतो, गाडी ‘सीझ’ होते, आणि ती होते तेव्हां नेमकें गांव वीस किलोमीटर दूर असतें.

मिश्रण योग्य आहे कीं नाहीं हें प्लगच सांगतो. लांब सपाट वाटेवर पूर्ण वेगांत असतां क्लच दाबून किल्ली बंद करावी आणि गाडी थांबतांच प्लग काढून पाहावा. त्याच्या टोंकाचा रंग वाळलेल्या सागपानासारखा तपकिरी असेल तर चिंता नाहीं. काळा व ओला असेल तर पेट्रोल किंवा तेल अधिक. पांढुरका असेल तर त्याच क्षणीं सावध व्हावें आणि मुख्य जेट एका पायरीनें मोठा बसवावा. प्लगच्या टोंकांतील फट सुमारे ०.६ मिलिमीटर ठेवावी. पॉइंट असलेल्या गाड्यांत ते घांसून, ठिणगीची वेळ कंपनीच्या आंकड्यावर आणावी. ती पुढें ओढून शक्ति मिळविण्याच्या भरीस मे महिन्यांत तरी पडूं नये.

या जेटच्या प्रश्नाला अलीकडे एक नवें कारण जोडलें गेलें आहे. पंपावरील पेट्रोलमध्यें आतां शेकडा २० पर्यंत इथेनॉल असतें. इथेनॉलमध्यें प्राणवायु मुळांतच असल्यामुळें त्याला जळण्यास हवा कमी लागते. म्हणजे १९८५ सालच्या जेटमधून तेंच माप गेलें, तरी मिश्रण पूर्वीपेक्षां पातळ ठरतें. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेतें. पावसाळ्यांत अर्धी रिकामी टांकी महिनाभर उभी राहिली तर पाणी व इथेनॉल एक होऊन तळाशीं बसतात. ज्या गाड्यांत तेल पेट्रोलमध्येंच मिसळावें लागतें, त्यांत तेल वरच्या पेट्रोलबरोबर राहतें, आणि कार्ब्युरेटरमध्यें आधीं जातो तो तळचा बिनतेलाचा थर! कित्येक जुन्या गाड्या पहिल्याच किकनंतर घरापासून थोड्या अंतरावर कां अडकतात, याचें एक उत्तर येथें आहे. पावसाळ्यापूर्वीं टांकी कांठोकांठ भरावी किंवा पूर्ण रिती करावी, आणि रबराच्या नळ्या बदलाव्यात.

तेल अधिक घातलें म्हणजे इंजिन अधिक सुरक्षित, असेंहि म्हणतां येत नाहीं. जेटमधून जाणाऱ्या मापांत तेलाची जागा वाढली तितकी पेट्रोलची घटली, म्हणजे पुन्हां मिश्रण पातळच. जावा-राजदूतांच्या काळीं लिटरास चाळीस-पन्नास मिलिलिटरचें प्रमाण सांगत. तें धरावें व एकदां ठरलेलें रोज बदलूं नये. आरएक्समध्यें तेलाचा पंप वेगळा आहे. त्याची तार सैल झाली नाहीं ना, एवढें पाहावें. याच गाडीच्या आंत येणाऱ्या वाटेवर पातळ पाकळ्यांची झडप असते. ती उजेडापुढें धरावी. पाकळीच्या कडेनें उजेड दिसला किंवा कोपरा तुटलेला असला तर हळू वेगांतली ओढ तेथूनच गळते आहे असें समजावें.

आतां सायलेन्सर. बाजारांत फुगीर पोटाचे चकचकीत सायलेन्सर मिळतात व तरुणांचें मन त्यांवर जातें. ही कल्पना खोटी नाहीं. पूर्व जर्मनींतील एमझेड कारखान्याचा वाल्टर काडेन यानें बाहेर गेलेल्या दाबाची लाट नळीच्या पोटांत परतवून, निसटूं पाहणारें ताजें मिश्रण पुन्हां आंत ढकलण्याची विद्या सिद्ध केली. १९६१ साली त्याच्या १२५ घन सेंटिमीटरच्या इंजिनानें २५ अश्वशक्ति दिली. त्याच वर्षीं त्याचा स्वार अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेस पळाला आणि ती विद्या जपानांत सुझुकीकडे पोंचली. परंतु लाट परत येण्याची वेळ नळीच्या लांबीनें ठरते. ती इंजिनाच्या एका ठराविक गतीलाच जुळते. शर्यतीची नळी फार वरच्या गतीला जुळविलेली असते, आणि तिच्याखालीं इंजिन पूर्वीपेक्षांहि निर्जीव होतें. वाळूच्या नाल्यांत, पहिल्या गिअरमध्यें, मागें माणूस बसलेलें असतांना लागते ती खालची ओढ, आणि तीच या नळीनें जाते. आंतली नळी काढून टाकून नुसता आवाज वाढविणाऱ्याच्या पदरीं तर लाटेचा लाभहि पडत नाहीं. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२ अन्वयें असा फेरफार दंडास पात्र होतो, हें आणखी.

खरी ओढ स्वस्तांत मिळते ती चेनच्या चक्रांतून. पुढील चक्रास १४ दांत असतील तर १३ दांतांचें बसवावें. मागील चाकावरचा जोर शेकडा सात-आठ वाढतो, आणि त्याच प्रमाणांत वेग उतरतो. चंद्रपूरच्या सडकेवर ताशीं पांच-सहा किलोमीटर कमी धांवणें कोणास जड जाणार नाहीं. मागील टायर खोल गुट्ट्यांचा घ्यावा. वाळूपूर्वीं हवा पांच-सात पौंड उतरवावी व डांबरी सडक लागतांच पुन्हां भरावी, नाहींतर रिम वांकते.

नाला ओलांडतांना पाणी गाळणीच्या तोंडापर्यंत येत असेल तर गाडी ढकलूनच न्यावी. पाण्यांत इंजिन बंद पडलें तर तेथेंच किक मारण्याची घाई करूं नये. पाणी दाबलें जात नाहीं, आणि पिस्टनचा दांडा वांकतो. कांठावर आणून प्लग काढावा, पेट्रोलचा नळ बंद करावा, गाडी आडवी करून तळच्या पेटींतलें पाणी निघेपर्यंत हळूंहळूं किक फिरवावी. मग कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करावी, गाळणी पिळून वाळवावी आणि कोरडा प्लग लावावा. यासाठीं एक जादा प्लग व त्याचा पाना जवळ असावा. तो मेणकापडांत गुंडाळून सीटखालीं ठेवतात.