घराच्या जमिनीतील ओल व तिचे निवारण

वऱ्हाडची काळी माती कपाशीला जितकी मानवते, तितकीच घराच्या पायाला जाचक ठरते. पावसाळ्यात ती पाणी शोषून फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. दिव्याच्या वातीतून तेल चढावे, तसे तिच्यातील पाणी सूक्ष्म छिद्रांवाटे फरशीपर्यंत चढते. अकोल्याच्या जठारपेठेतील घर असो वा खेड्यातील, जमीन ओलसर राहिल्यास पोत्यातील बियाणे ओल धरते. सोयाबीनचे बी विशेष नाजूक. त्याची उगवणशक्ती गेली म्हणजे पेरणीच वाया जाते.

थंड देशांत घरातील ऊब टिकविण्यासाठी फरशीखाली बूच किंवा थर्माकोल यांचे थर घालतात. त्याचे अनुकरण येथे करू नये. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो; परंतु दहा-बारा फूट खोलीवरील मातीचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही. म्हणून जमिनीला टेकलेली फरशी घराला गारवा देते. हा गारवा राखून केवळ ओल अडवावयाची आहे.

नवे घर बांधताना जोते भोवतालच्या जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच घ्यावे. फरशीखालील काळी माती काढून तेथे मुरूम भरावा व सहा-सहा इंचांचे थर पाणी मारून धुमसाने ठोकावेत. त्यावर चार इंच जाड खडी पसरावी; खडीतील मोठ्या पोकळ्यांतून पाणी वर चढू शकत नाही. खडीवर वाळूचा पातळ थर देऊन जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरावा. त्याचे जोड सहा इंच एकमेकांवर यावेत व कडा भिंतीलगत वर वळवाव्यात. त्यावर काँक्रीट व शेवटी फरशी घालावी. भिंतीतही जोत्याच्या पातळीस ओलरोधक थर अवश्य द्यावा.

जुन्या घरात प्रथम परीक्षा करावी. दोन फूट चौरस प्लॅस्टिकचा तुकडा फरशीवर ठेवून कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. दुसऱ्या दिवशी त्याच्या खालच्या अंगास थेंब दिसल्यास ओल जमिनीतून येते असे समजावे. अशा वेळी फरशी उखडण्यापूर्वी न्हाणीचे व पागोळ्यांचे पाणी पायापासून दूर न्यावे आणि घराभोवती बाहेरच्या बाजूस उतार द्यावा. पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर ठेवावीत.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ही परीक्षा पावसाळ्यात गावात करून दाखवावी, म्हणजे दुरुस्तीचे काम येत्या उन्हाळ्यात हाती घेता येईल.