‘पहिल्याच फेरीत गारद’ म्हणजे नेमकं काय?

भिवंडीत कुणी ‘आज टेनिसची मॅच आहे’ म्हणालं, तर काल्हेर-कशेळीपासून पडघ्यापर्यंत बहुतेकांच्या डोळ्यांसमोर टेनिसच्या चेंडूवर खेळलं जाणारं क्रिकेट येतं. रॅकेटचं टेनिस आपल्यापर्यंत पोचतं ते मथळ्यांतून. ‘पहिल्याच फेरीत गारद’, ‘भारताचं आव्हान संपुष्टात’ हे त्यातले नेहमीचे मथळे. ते वाचून आपण ठरवून टाकतो की मुलगी पुढे जात नाही, तिचं काही खरं नाही. हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. टेनिसमध्ये खेळाडू हरली यापेक्षा ती कुठे हरली, कुणाशी हरली आणि तिथवर कशी आली, यावरून तिची प्रगती कळते.

साधा हिशेब करून पाहा. ग्रँड स्लॅमच्या महिला एकेरीत 128 जणी खेळतात, म्हणजे पहिली फेरी संपते तेव्हा 64 जणींनी गाशा गुंडाळलेला असतो. या 128 पैकी 104 जणींना क्रमवारीच्या बळावर थेट प्रवेश असतो, 8 जणींना आयोजक वाइल्ड कार्ड देतात आणि उरलेल्या 16 जागांसाठी आणखी 128 जणी पात्रता फेरीत झुंजतात. पात्रता फेरीत सलग तीन सामने जिंकले तरच मुख्य स्पर्धेचं दार उघडतं. म्हणजे पात्रता फेरीतली पहिलीच लढत हरलेली मुलगीसुद्धा जगातल्या साधारण पहिल्या अडीचशे जणींमधली असते, आणि क्रमवारीत हजाराहून अधिक जणी असतात. शिवाय बाद पद्धतीच्या स्पर्धेत विजेती सोडून प्रत्येकीच्या वाट्याला एक पराभव येतोच. 2022 मध्ये इगा श्वियाँतेकनं सलग 37 सामने जिंकले आणि वर्षात आठ स्पर्धा खिशात घातल्या. त्याच वर्षी ती नऊ सामने हरलीही.

दुसरा गैरसमज क्रमवारीचा. ‘नंबर घसरला म्हणजे खेळ घसरला’ असं आपण सहज बोलतो. पण क्रमवारीचे गुण बँकेतल्या ठेवीसारखे साठत नाहीत. मागच्या फक्त 52 आठवड्यांचा हिशेब धरला जातो. एखादीनं यंदा मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात स्पर्धा जिंकली, तर पुढच्या वर्षी त्याच सुमाराला ते गुण वजा होतात. तेव्हा ती पुन्हा तितकंच चांगलं खेळली तर जागच्या जागी राहते. उपांत्य फेरीत हरली तर खाली येते, आणि घोट्याला दुखापत होऊन घरी बसली असेल तर आणखी खाली. महिलांच्या खालच्या पातळीवरच्या स्पर्धांच्या नावातच त्यांची किंमत दिसते : डब्ल्यू 15 जिंकली की 15 गुण, डब्ल्यू 35 जिंकली की 35. ग्रँड स्लॅमच्या विजेतीला 2000 गुण मिळतात. त्यामुळे 300व्या क्रमांकावरून 200व्या क्रमांकावर जाण्यासाठी वर्षभर विमानतळ पालथे घालावे लागतात, आणि तिथे टिकण्यासाठी पुढच्या वर्षी तेच सगळं पुन्हा.

हे नुसतं गणित वाटू नये म्हणून अंकिता रैनाचा प्रवास पाहू. जन्म अहमदाबादचा, पण खेळाडू म्हणून ती घडली पुण्यात. 2007 मध्ये, चौदा वर्षांची असताना, ती हेमंत बेंद्रे यांच्याकडे शिकायला पुण्यात आली. एकेरीच्या क्रमवारीत पहिल्या दोनशेत तिचं पाऊल पडलं ते एप्रिल 2018 मध्ये. मधली अकरा वर्षं पेपर वाचणाऱ्याला रिकामी दिसतील, पण खेळाडूचं खरं काम त्याच वर्षांत झालं. त्याच 2018 मध्ये तिनं आशियाई स्पर्धेत एकेरीचं कांस्यपदक मिळवलं, मार्च 2020 मध्ये 160वा क्रमांक गाठला. 2021च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या एकेरीत पात्रतेच्या शेवटच्या सामन्यात ती हरली. त्याच दौऱ्यात फेब्रुवारीत कामिला राखिमोव्हाच्या साथीनं फिलिप आयलंड स्पर्धेत दुहेरीचं विजेतेपद तिनं पटकावलं आणि दुहेरीत ती पहिल्या शंभरात आली. एकीकडे हातातोंडाशी आलेला घास गेला, दुसरीकडे कारकिर्दीतलं मोठं यश हाती आलं, आणि हे दोन्ही काही आठवड्यांच्या आत घडलं.

‘टेनिसमध्ये पैसा धो-धो’ ही समजूतही अर्धीच खरी. ग्रँड स्लॅममध्ये महिला-पुरुषांचं बक्षीस सारखं आहे, अमेरिकन ओपनमध्ये 1973 पासून, विम्बल्डनमध्ये 2007 पासून. 2025च्या विम्बल्डनमध्ये एकेरीच्या पहिल्या फेरीत हरणारीलाही 66 हजार पौंड मिळाले, म्हणजे 75 लाख रुपयांच्या आसपास. पण डब्ल्यू 15 स्पर्धेची सगळी रक्कम मिळून 15 हजार डॉलर असते. विजेतीच्या हाती दोन हजार डॉलरच्या थोडं वर पडतं, आणि पहिल्या फेरीत हरणारीला मिळतं त्यात तिचं हॉटेलचं बिलही भागत नाही. भिवंडीच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. इथल्या मागावरचा कामगार जितकं कापड विणतो तितकी मजुरी घेतो. सूत तुटून माग बंद राहिला की मजुरीही बंद. टेनिसपटूचं तसंच आहे. तिला पगार नाही, मॅच फी नाही. भारतीय क्रिकेट मंडळानं ऑक्टोबर 2022 मध्ये महिलांची मॅच फी पुरुषांइतकी केली, त्यामुळे भारताकडून एकदिवसीय सामना खेळणारीला, शून्यावर बाद झाली तरी, सहा लाख मिळतात. टेनिसपटूला मात्र पुढची फेरी गाठली तरच पुढची रक्कम, आणि प्रशिक्षक, प्रवास, तार बांधणं हा खर्च तिचा तिनंच करायचा. तार म्हणजे रॅकेटची जाळी. ती सैल झाली की फटक्याचा अंदाज चुकतो, म्हणून सामन्याआधी नव्यानं बांधून घ्यावी लागते, आणि दर रॅकेटमागे पैसे मोजावे लागतात. बाराशे-तेराशे किलोमीटर प्रवास करून आलेली मुलगी मंगळवारी सकाळी हरली, तर तिचा तो आठवडा तोट्याचा.

मग असल्या छोट्या स्पर्धांना अर्थ काय, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर चर्चगेटला, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर मिळतं. नोव्हेंबर 2017 मध्ये तिथे मुंबई ओपन झाली. ग्रँड स्लॅमच्या तुलनेत फार खालच्या पातळीवरची ती स्पर्धा बेलारूसच्या एकोणीस वर्षांच्या मुलीनं जिंकली. ती आर्यना सबालेंका. पुढे सप्टेंबर 2023 मध्ये ती जगात पहिल्या क्रमांकावर गेली. ग्रँड स्लॅम जिंकणाऱ्या जवळपास सगळ्याजणी अशाच खालच्या स्पर्धांतून वर आल्या आहेत.

वयाबद्दलही असंच. ‘सोळाव्या वर्षी चमकली नाही तर संपलं’ ही भीती पालकांना सतावते. प्रत्यक्षात महिला टेनिसनं कोवळ्या मुलींवर खेळाचा भार पडू नये म्हणून वयाची अटच घातली आहे : चौदा वर्षांखाली व्यावसायिक स्पर्धा नाही आणि अठरापर्यंत वर्षाला किती स्पर्धा खेळायच्या यावर मर्यादा. चीनच्या ली नानं मधली दोन वर्षं टेनिस सोडून विद्यापीठात शिक्षण घेतलं आणि 2011 मध्ये एकोणतिसाव्या वर्षी फ्रेंच ओपन जिंकली. आपल्या महाराष्ट्राची ऋतुजा भोसले अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली, शिकली, मग व्यावसायिक दौऱ्यावर उतरली आणि 30 सप्टेंबर 2023 रोजी हांगचौच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाच्या साथीनं मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक घेऊन आली. शिक्षण की टेनिस, अशी निवड तिला करावी लागली नाही.

दुहेरीला दुय्यम मानणाऱ्यांसाठी सानिया मिर्झाचं उदाहरण पुरेसं आहे. मुंबईत जन्मलेली, हैदराबादेत वाढलेली सानिया 2007 मध्ये एकेरीत 27व्या क्रमांकावर पोचली. त्यानंतर मनगटाच्या दुखापतीनं आणि शस्त्रक्रियेनं तिची एकेरी अडवली. तिनं दुहेरीवर लक्ष दिलं, एप्रिल 2015 मध्ये जगात पहिला क्रमांक मिळवला आणि मिश्र दुहेरी धरून सहा ग्रँड स्लॅम जिंकली. ऑक्टोबर 2018 मध्ये आई झाली आणि जानेवारी 2020 मध्ये परतून पहिल्याच स्पर्धेत, होबार्टला, दुहेरीचं विजेतेपद तिनं मिळवलं.

यावर एक आक्षेप रास्त आहे. हे सगळं म्हणजे अपयशावर पांघरूण नाही का? सानियानंतर एकेरीत पहिल्या पन्नासात एकही भारतीय महिला गेलेली नाही, हे खरंच आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण त्याचा दोष पहिल्या फेरीत हरणाऱ्या मुलीच्या माथी मारणं म्हणजे प्रश्न चुकीच्या दारात नेणं. क्रमवारीतल्या 400 ते 150 या टप्प्यात खेळाडूला कित्येक वर्षं तोट्यात खेळावं लागतं. तिथे तिला कोण सांभाळतं, जवळपास किती स्पर्धा मिळतात, प्रशिक्षक सोबत फिरू शकतो का, यावर तिचं वर जाणं ठरतं. गुणवत्ता लागतेच, पण या टप्प्यात ती एकटी पुरत नाही.

मोठ्या शहराची अटही मनातून काढून टाकायला हवी. प्रार्थना ठोंबरे सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची. 2014 मध्ये इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत सानियासोबत तिनं महिला दुहेरीचं कांस्य जिंकलं आणि 2016 मध्ये दोघी रिओ ऑलिम्पिकला उतरल्या. तिथे त्या पहिल्याच फेरीत हरल्या. मथळा पुन्हा तोच होता, पण बार्शीहून ऑलिम्पिकपर्यंत पोचलेल्या मुलीला तो जराही न्याय देत नव्हता. भिवंडीतल्या एखाद्या मुलीनं उद्या रॅकेट धरली आणि तिच्याबद्दल तसाच मथळा वाचायला मिळाला, तर मत बनवण्याआधी बातमीतल्या दोन गोष्टी जरूर पाहा : स्पर्धेची पातळी आणि समोरच्या खेळाडूचा क्रमांक.