रक्ताची साक्ष कितपत ग्राह्य?

माणसाच्या रक्तद्रवात न्यूक्लिइक आम्ले मोकळी आढळतात, हे मांडेल आणि मेताई या फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी १९४८ सालीच नोंदविले होते. पुढे कित्येक दशके त्या नोंदीची फारशी दखल कोणी घेतली नाही. आज डीएनएच्या अशाच तुकड्यांवरून मेलॅनोमा या त्वचेच्या घातक कर्करोगातील जनुकीय बदल ओळखता येतात. गाठ कापण्याऐवजी नळीभर रक्त पुरते म्हटल्यावर रुग्णाला हायसे वाटावे, हे स्वाभाविकच आहे. तथापि या साक्षीचे मोल ठरविताना सावध असलेले बरे.

मेलॅनोमाच्या अनेक गाठींत ‘बीरॅफ’ या जनुकात बदल झालेला असतो, हे २००२ साली उघडकीस आले. बहुतेकदा प्रथिनाच्या साखळीत ६००व्या जागी व्हॅलीनऐवजी ग्लुटामिक आम्ल येऊन बसते. एवढ्यानेच पेशीला वाढीचा हुकूम देणारी कळ दाबलेलीच राहते. ती रोखणारे व्हेमुराफेनिब हे औषध अमेरिकेत २०११ साली संमत झाले. मात्र ज्या पेशींत हा बदलच नाही, त्यांत या औषधाने वाढीची साखळी थंडावण्याऐवजी उलट चेतते. साहजिकच येथे चाचणीतील चूक कागदावरच राहत नाही.

आता अडचण अशी, की गाठ लहान असेल, किंवा रोग केवळ मेंदूत पसरला असेल, तर रक्तात उतरणारे तुकडे फार विरळ असतात आणि चाचणीला ते पुष्कळदा सापडतच नाहीत. ‘आढळला’ हा निर्वाळा बहुधा विश्वासार्ह असतो. ‘आढळला नाही’ म्हणजे मात्र ‘नाही’ नव्हे. अहवाल हाती घेणाऱ्या नातेवाइकांना हा फरक समजावून सांगणार कोण? प्रयोगशाळांनी तो अहवालातच ठळकपणे छापावा, आणि अशा वेळी शक्य असेल तेथे गाठीचा तुकडा तपासूनच उपचार ठरवावेत. या तंत्राचे खरे सामर्थ्य दिसते ते उपचार सुरू झाल्यानंतर. गाठ पुनःपुन्हा कापता येत नाही, रक्त मात्र वरचेवर घेता येते. औषध निष्प्रभ होत असल्याची चाहूल कधी कधी स्कॅनच्याही आधी त्यात लागते.

भारतीयांत हा रोग विरळा, आणि होतो तेव्हा बरेचदा तळपायावर वा नखाखाली. (गायक बॉब मार्ली यांचा १९८१ मधील मृत्यू पायाच्या बोटातील अशाच मेलॅनोमाने झाला.) या गाठींत बीरॅफचा बदल कमी आढळतो, काहींत ‘किट’ जनुकातील असतो. तेव्हा केवळ बीरॅफ शोधणारी चाचणी आपल्याकडे अपुरीच पडणार. शिवाय तळव्यावरचा काळा डाग कुरूप किंवा मुका मार समजून अंगावर काढला जाण्याचा धोका आहेच. तेथे डागाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची जुनी तपासणी आधी व्हावी लागते. जनुकांचा प्रश्न त्यानंतरचा.