सूर सोबतीला, शब्द आड

लेखन, चित्रकला, भरतकाम किंवा अभ्यास यांपैकीं कोणतेंही काम मन लावून करावयाचें तर भोंवतीं शांतता हवी, असें वडीलधारी मंडळी सांगत आली आहे. तरुण पिढी मात्र कानांत इअरफोन घालून वहीपुढें बसते आणि गाण्यावांचून आपलें लक्षच लागत नाहीं, असें निक्षून सांगते. पुष्कळ सुशिक्षित घरांत या प्रश्नावरून खटके उडतात. आमच्या मतें दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत तथ्य आहे. वाद माजतो तो कामाकामांतला भेद न पाहिल्यामुळें.

कामाला गाण्याची जोड देणें ही कांहीं नवी टूम नव्हे. पहांटे जात्यावर बसलेल्या आपल्या आज्यापणज्या ओव्या गात असत. ओवीची लय जात्याच्या फेऱ्याशीं जुळे, हात चालत राहत आणि दळणाचा शीण हलका होई. विलायतेंत दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं, १९४० सालच्या जूनमध्यें, बी.बी.सी.नें 'म्यूझिक व्हाइल यू वर्क' हा संगीताचा कार्यक्रम मुख्यतः कारखान्यांतील कामगारांसाठीं सुरू केला. तो १९६७ पर्यंत चालला. दळण काय किंवा यंत्रावरचें काम काय, तें हातांच्या अंगवळणीं पडलेलें असतें. मन रिकामें राहून कंटाळतें, आणि तो कंटाळा गाणें घालवितें. रांगोळी, विणकाम, चित्रांत रंग भरणें हीं कामें बव्हंशीं याच जातीचीं होत.

शब्दांच्या कामाची गोष्ट निराळी. वाचतांना वा लिहितांना आपण वाक्य मनांतल्या मनांत उच्चारून क्षणभर धरून ठेवतों. त्याच वेळीं गाण्याचे शब्द कानीं आले कीं दोहोंची ओढाताण होते. सालामे आणि बॅडली या मानसशास्त्रज्ञांनीं १९८९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना अंकांची मालिका दाखवून ती क्रमानें आठवावयास सांगितली होती. गायन चालू असतां अधिक चुका झाल्या; नुसतें वाद्यसंगीत त्यामानानें कमी बाधलें.

मग संगीतानें बुद्धि तल्लख होते, ही ख्याति कोठून आली? १९९३ सालीं 'नेचर' या नियतकालिकांत ३६ विद्यार्थ्यांवरील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दहा मिनिटें मोझार्टची दोन पियानोंची रचना ऐकल्यावर आकृति ताडण्याच्या कसोटींत त्यांना अधिक यश आलें. पण तो प्रभाव जेमतेम पाव तास टिकला. मुख्य म्हणजे त्यांनीं संगीत ऐकलें तें कामाच्या आधीं. पुढील अभ्यासांतून असें दिसलें कीं, ही किमया मोझार्टची नसून प्रफुल्लित झालेल्या मनाची होती.

येथवर वडीलधाऱ्यांची बाजू सरस वाटेल. परंतु शांततेचा आग्रह धरणाऱ्यांनीं ती शांतता घरांत कोणाच्या वांट्याला येते, हेंही पाहावें. दहा-बारा माणसांच्या घरांत कर्त्या पुरुषाच्या खोलीचें दार लागतें. लेखनाची आवड असलेल्या सुनेला मात्र माजघराचा कोपराच मिळतो. भोंवतीं मुलांचा दंगा, दूरदर्शनसंचाचा आवाज, आणि सर्वांत बाधक म्हणजे माणसांचें बोलणें. कारण बोलण्याचा अर्थ मन नकळत टिपत असतें. अशा वेळीं तंबोऱ्याचा अखंड षड्ज किंवा ओळखीची संथ सतार कानांशीं असली कीं, तिचा एक पडदा होतो. त्या सुनेपुरता तोच एकांत होय. "गाणीं ऐकत बसली आहे" असा टोमणा मारण्यापूर्वीं घरानें तिला रोज एक निवांत तास देऊं करावा, हें आम्हांस अधिक न्यायाचें वाटतें.

सारांश, हातांच्या कामाला वाटेल तें गाणें चालेल. शब्दांच्या कामाला निःशब्द, परिचित आणि हलक्या आवाजांतले सूर घ्यावेत. नवी मैफल नको, कारण रसिकाचें मन लेखणी सोडून तिच्यामागें धांवेल. आणि वाक्य अगदींच अडून बसेल, तेव्हां सूरही थांबवावेत. घरांतील मंडळींनीं तेवढा वेळ आपला आवाज आवरला, तर निम्मे वाद मिटतील आणि एखाद्या सुनेची वा मुलीची अर्धवट राहिलेली वही पुरी होईल.