न दुखणारी गाठ अंगावर काढू नका

"डॉक्टरसाहेब, गाठ आहे, पण दुखत नाही," असे सांगत दारव्ह्याकडील एक भगिनी माझ्याकडे आल्या. कापूस वेचणी आटोपल्यावर दाखवू, म्हणून त्यांनी तीन महिने काढले होते. स्तनातील कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

मी सोनोग्राफी करविली. गाठ पाण्याची की भरीव, हे तीत कळते. तरुण स्त्रियांचे स्तन घट्ट असल्याने मॅमोग्राफीत गाठ लपू शकते. तेथे सोनोग्राफी उपयोगी पडते. तीत क्ष-किरण नसतात. मात्र चुन्याचे सूक्ष्म कण तीत सहसा दिसत नाहीत, म्हणून ती मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही. पक्के निदान सुईने घेतलेला तुकडा तपासूनच होते.

यंत्र दूर असले तरी हात जवळ आहेत. टाटा रुग्णालयाने मुंबईत १९९८ पासून दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील निम्म्यांची तपासणी प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी केली. २०२१ च्या निष्कर्षानुसार पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले.

त्या भगिनींची गाठ कर्करोगाचीच निघाली. शस्त्रक्रिया झाली, यंदा त्या पुन्हा वेचणीला गेल्या. भगिनींनो, गाठ लागताच दाखवा. वेचणी थांबेल, रोग थांबत नाही.