काटा थांबेपर्यंत

अंगणवाडीवर सरकार किती खर्च करतं, याचा लेख संपादकांना हवा होता. आकड्यांची फाइल पिशवीत टाकून मी लोणावळ्याहून कुसगावात आले आणि अंगणवाडीच्या दारातच थबकले.

छताच्या कडीला स्प्रिंगचा वजनकाटा टांगलेला, त्याच्या झोळीत दहा महिन्यांचं बाळ. ते पाय झाडत होतं आणि काटा साडेसहा-सात किलोंच्या मध्ये नाचत होता. सेविकाताईंनी झोळीला हात लावला नाही. हात लागला की वजन खोटं येतं. बाळाकडे बघत त्या नुसत्या गुणगुणत राहिल्या. हळूहळू बाळ शांत झालं, काटा थांबला. सहा किलो आठशे.

"मागच्या महिन्यात सहा-सातशे होतं. शंभरच ग्रॅम वाढलंय. दिवसातून किती वेळा भरवतेस गं?"

आई खाली बघत राहिली. ती रस्त्याच्या कामावर जाते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची मिसिंग लिंक, म्हणजे नवा जोडरस्ता, खोपोलीकडून येते ती याच कुसगावात. ताईंनी तक्त्यावर पिवळ्या पट्ट्यात टिंब दिलं आणि तिला जवळ बसवून घेतलं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत बालशिक्षण अंगणात नेलं. 2 ऑक्टोबर 1975 रोजी अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात 33 ठिकाणी सुरू झाली. हे सगळं फाइलमध्ये होतं. मला पुन्हा पुन्हा दिसत होता तो काटा, आणि त्यापुढे थांबायची ताईंची तयारी.

या थांबण्याला सरकार पगार देत नाही, 'मानधन' देतं. 2018 पासून केंद्राचा वाटा महिना 4500 रुपये, मदतनीसांसाठी 2250. वरची भर राज्याची. त्यासाठी राज्यभरातल्या सेविका-मदतनीस 4 डिसेंबर 2023 पासून संपावर गेल्या आणि जानेवारी सरत येईपर्यंत हटल्या नाहीत. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगायला 2022 साली सर्वोच्च न्यायालय लागलं. मुलाच्या आहाराचा 2017 मध्ये ठरलेला दर दिवसाला 8 रुपये, निम्मे केंद्राचे, निम्मे राज्याचे. तेवढ्यात 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं बसवायची. 2025 च्या अर्थसंकल्पात दर वाढवण्याची घोषणा झाली. डाळ-तेलाचे भाव घोषणेसाठी थांबत नाहीत, हे घर चालवणाऱ्या कुणालाही कळतं.

शिवाय फोन. 2021 मध्ये निकृष्ट म्हणून राज्यातल्या हजारो सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले होते. आता घरी न्यायचा आहार देताना चेहऱ्याची पडताळणी सक्तीची आहे. त्या दिवशी ताईंनी बाळाच्या आईचा फोटो तीनदा काढला. बाहेर मावळातला पाऊस कोसळत होता, रेंज येत-जात होती. आत मदतनीस ताई एकट्याच वीस मुलांना खिचडी वाढत होत्या. कामावर अर्ध्या दिवसाचा खाडा पडेल म्हणून आई दाराकडे बघत होती.

"पदर जरा मागे घे," ताई म्हणाल्या आणि फोन पुन्हा वर धरला.